नाव माहीत, चेहरा समोर नाही

ऑनलाइन माणसं इतकी तोडून का बोलतात, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर तयार असतं: तिथे नाव लपवता येतं, म्हणून. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही हाउसिंग सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. तिथे कोणीच निनावी नसतं. नावाबरोबर विंग आणि फ्लॅट नंबरही सगळ्यांना ठाऊक असतो. तरीही 'बी विंगच्या पार्किंगमध्ये पुन्हा कोणाची गाडी आडवी आहे?' एवढ्या एका वाक्यावरून रात्री अकरापर्यंत जुंपते. सेक्रेटरीच्या कारभारापासून भाडेकरूंच्या संस्कारांपर्यंत सगळं निघतं, आणि शेवटी कोणीतरी ग्रुप सोडतं. यातलेच दोघे पार्किंगमध्ये समोरासमोर आले असते तर 'जरा गाडी मागे घ्याल का' यावर विषय बहुधा संपला असता.

माणसं तीच, नावं तीच, भांडणाचं कारणही तेच. मग बदललं काय? सामाजिक मानसशास्त्र जवळजवळ पन्नास वर्षं हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आलं आहे, आणि त्याची उत्तरंही वेळोवेळी बदलत गेली आहेत. या सगळ्या संशोधनाकडे एकत्र पाहिलं, तर नाव लपवण्याला आपण फाजील महत्त्व दिलं असं माझं मत बनतं. खरा फरक दोन गोष्टींनी पडतो: ज्याच्याशी बोलतो त्याचा चेहरा दिसत नाही, आणि आपलं बोलणं बघणारे मात्र पुष्कळ असतात.

स्वर कुठे हरवतो

या अभ्यासाची सुरुवात इंटरनेटच्या कितीतरी आधी, टेलिफोनपासून झाली. १९७६ साली जॉन शॉर्ट, एडरिन विल्यम्स आणि ब्रूस ख्रिस्टी या ब्रिटिश संशोधकांनी दूरसंवादाच्या सामाजिक मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं. समोरचा माणूस 'तिथे आहे' ही जाणीव प्रत्येक माध्यमात कमीजास्त असते आणि त्यावर संवादाचा पोत ठरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सारा कीस्लर आणि सहकाऱ्यांनी हीच कल्पना संगणकाला लावून पाहिली. विद्यार्थ्यांच्या लहान गटांना एखाद्या प्रश्नावर एकमत करायला सांगितलं. काही गट समोरासमोर बसले, काही संगणकावरून बोलले. संगणकावरच्या गटांना एकमताला वेळ जास्त लागला आणि अपशब्दही जास्त निघाले. पण त्याच गटांमध्ये सगळ्यांनी जवळजवळ सारखं बोलून घेतलं. मोठ्या आवाजाचा एकटाच बैठक खाऊन टाकतोय, असं झालं नाही. म्हणजे या माध्यमाने धीटपणा आणि उद्धटपणा एकाच दाराने आत आणले, हे पहिल्याच फेरीत दिसलं होतं.

त्याच विद्यापीठात दोन वर्षं आधी, १९ सप्टेंबर १९८२ रोजी, स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने एक सूचना केली होती. अंतर्गत संगणकीय सूचनाफलकावर कोणी गमतीने लिहिलेलं दुसरा खरं मानून बसे आणि वाद पेटे. म्हणून गमतीच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाकून आडवा हसरा चेहरा काढावा, असं त्याने सुचवलं. आज आपण पाठवतो त्या शेकडो इमोजींची ही पणजी. चेहऱ्याची उणीव भरून काढायला पहिल्यांदा काढावा लागला तो चेहराच.

त्या चिन्हांनी ही उणीव भरली का? २००५ साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी ते मोजून पाहिलं. काही वाक्यं सरळ आणि काही उपरोधाने, अशी एकदा ईमेलने आणि एकदा आवाजात पाठवायला सांगितली. पाठवणाऱ्यांना दोन्ही वेळा वाटलं की समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा आपला सूर कळेल. आवाजातून तो ७३ टक्के वेळा कळला. ईमेलमधून कळला ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून उत्तर दिलं असतं त्याहून थोडाच जास्त. यातली मेख अशी की लिहिणाऱ्याला स्वतःचा आवाज डोक्यात ऐकू येत असतो. तो अक्षरांत उतरलेला नाही, हे त्याच्या लक्षातच येत नाही.

घरगुती उदाहरण बघा. सुनेने फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'यंदा दिवाळीला आम्ही गोव्याला जातोय.' सासूबाईंनी लिहिलं, 'वा, छान.' सासूबाईंच्या मनात खरोखरच 'वा, छान' असू शकतं. गुडघे दुखत असताना फराळाचा घाट टळला म्हणून सुटकाही असू शकते. सुनेला मात्र त्या दोन शब्दांत टोमणा दिसतो, आणि शेवटच्या पूर्णविरामात तर तो ठळकच दिसतो. तिचा हा संशय अगदीच निराधार नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१६ साली झालेल्या अभ्यासात, पूर्णविराम दिलेली एका शब्दाची मोबाइल उत्तरं वाचणाऱ्यांना कमी मनापासूनची वाटली. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर असताना तसं वाटलं नाही. म्हणजे नव्या माध्यमाने स्वतःचे सूर घडवायला घेतले आहेत. अडचण इतकीच की घरातल्या तीन पिढ्या ते वेगवेगळे वाचतात.

निनावीपणावरचा खटला

आता नावाचा मुद्दा. फिलिप झिम्बार्डो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मांडलं की गर्दीत किंवा बुरख्याआड माणसाचं 'मी'पण विरघळतं आणि आवर सुटतो. २००४ साली जॉन सुलर यांनी ऑनलाइन वागण्यासाठी हा विचार पुढे नेला. आवर सुटण्याची सहा कारणं त्यांनी दिली. ओळख वेगळी ठेवता येते. कोणी आपल्याला बघत नाही. उत्तर लगेच झेलावं लागत नाही. समोरच्याचे शब्द आपण आपल्याच डोक्यातल्या आवाजात वाचतो. हे सगळं खेळासारखं, खोटंखोटं वाटतं. आणि वडीलकीचा, पदाचा दरारा उरत नाही. सुलर यांनी आणखी एक सांगितलं, जे पुढे फारसं उद्धृत होत नाही. आवर सुटण्याची एक बाजू विषारी असली तरी दुसरी मायेची असते. कधीच कोणाला न सांगितलेलं दुःख माणूस ऑनलाइन सांगून मोकळा होतो, तेही याच सहा कारणांनी.

या सहांतलं कोणतं कारण वजनदार? इस्राएलमधल्या हैफा विद्यापीठाच्या नोआम लॅपिडॉट-लेफ्लर आणि अझी बराक यांनी २०१२ मध्ये त्यांची फोड केली. अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना चॅटवर वाद घालायला लावला. कधी नावगाव माहीत, कधी नाही. कधी समोरचा दिसतो, कधी नाही. कधी कॅमेऱ्यातून डोळ्याला डोळा भिडतो, कधी नाही. शिवीगाळ आणि धमकावणीशी सगळ्यात जवळचं नातं निघालं ते डोळ्याला डोळा न भिडण्याचं. निनावीपणाचा वाटा त्या मानाने कमी होता.

प्रयोगशाळेबाहेरचे दाखलेही याच दिशेने जातात. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची खरी ओळख तपासणं सक्तीचं केलं. शिवराळपणाला त्याने म्हणावा तसा आळा बसला नाही. उलट नागरिकांची ओळख कंपन्यांकडे साठत गेली, आणि २०११ मध्ये सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती एका झटक्यात चोरीला गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या घटना न्यायालयाने हा नियम रद्द केला. २०१६ साली कातिया रोस्ट आणि सहकाऱ्यांनी एका जर्मन याचिका-संकेतस्थळावरच्या पाच लाखांहून अधिक प्रतिक्रिया तपासल्या. तिथे खऱ्या नावाने लिहिणारे निनावी लोकांपेक्षा जास्त आक्रमक निघाले. आपण सत्याची बाजू घेऊन भांडतोय अशी ज्याची खात्री असते, त्याला नाव लपवायचं नसतं. उलट नाव दिसावं अशीच त्याची इच्छा असते.

बुरखा माणसाला वाईट बनवतो, या समजुतीला त्याहून जुना धक्का १९७९ चा आहे. रॉबर्ट जॉन्सन आणि लेस्ली डाउनिंग यांनी काही स्त्रियांना कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वंशद्वेषी संघटनेसारखे झगे घातले आणि काहींना परिचारिकांचे गणवेश. मग एका अनोळखी व्यक्तीला विजेचा झटका किती तीव्रतेचा द्यायचा हे त्यांना ठरवायला सांगितलं. (झटके अर्थात खोटे होते.) परिचारिकेच्या वेशात ओळख लपलेली असताना स्त्रिया अधिक सौम्य वागल्या. ओळख लपल्यावर माणूस कसा वागेल हे अंगावर कोणता वेश आहे, म्हणजे कोणत्या गटाचं वळण पांघरलं आहे, त्यावर ठरलं. टॉम पोस्टमेस आणि रसेल स्पिअर्स यांनी १९९८ मध्ये असे साठ अभ्यास एकत्र करून पाहिले. गर्दीत किंवा पडद्याआड गेलेला माणूस नियमशून्य होत नाही, तो समोरच्या गटाचे नियम अधिक घट्ट धरतो, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणून एकच माणूस शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर चावट, भजनी मंडळाच्या ग्रुपवर सात्त्विक आणि पक्षाच्या ग्रुपवर कडवा असू शकतो. तिन्ही ठिकाणी त्याचं नाव एकच असतं.

बघणाऱ्यांची गर्दी

गट आला की बघणारे आले. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडलं होतं की माणूस प्रत्येक प्रेक्षकासमोर स्वतःची वेगळी बाजू ठेवतो, आणि हे ढोंग नसून रोजच्या जगण्याची रीत आहे. आपल्याकडे ही रीत अंगवळणी पडलेली असते. साहेबांशी, मावशीशी, वर्गमित्राशी, दुकानदाराशी बोलण्याची पट्टी प्रत्येक वेळी वेगळी. जोशुआ मायरोविट्झ यांनी १९८५ मध्ये टीव्हीबद्दल लिहिताना दाखवलं की इलेक्ट्रॉनिक माध्यमं या वेगवेगळ्या खोल्यांमधल्या भिंती पाडतात. डेना बॉइड यांच्या संशोधनाने पुढे हाच विचार समाजमाध्यमांना लावला. व्हॉट्सॲपचं स्टेटस टाकताना नेमकं हेच होतं. ते साहेब, मावशी, जुनी मैत्रीण आणि गॅसवाला एकाच वेळी बघणार असतात. कोणत्या पट्टीत बोलायचं? कोणी फुलांच्या फोटोवर 'शुभ सकाळ' टाकून मोकळं होतं. कोणी एकाच प्रेक्षकासाठी बोलतं, आणि ते भलत्याच्या कानी पडतं.

भिंत पडण्याची किंमत पालघरने २०१२ मध्ये पाहिली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई ठप्प झाली. त्यावर एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारणारी दोन-चार वाक्यं लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. मित्रमंडळींत बोलावं तशी बोललेली ती वाक्यं काही तासांत गावाच्या चौकात पोचली आणि दोघींना अटक झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणाऱ्या ६६अ कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जी लढाई उभी राहिली तिला या प्रकरणानेच तोंड फुटलं, आणि मार्च २०१५ मध्ये ते कलम रद्द झालं. कायद्याचा प्रश्न सुटला. प्रेक्षक कोण हे बोलणाऱ्याला न कळण्याचा प्रश्न आहे तिथेच राहिला.

प्रेक्षक असले की पहिल्याचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा, ही साखळीही लागते. निवृत्त शिक्षकांना जीवनगौरव मिळाल्याचा फोटो ग्रुपवर येतो. हार घातलेला असतो, खाली चार ओळींचा मजकूर. घाईत कोणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितं. मागोमाग हात जोडल्याच्या इमोजींची रांग लागते, कारण वरचा मजकूर वाचण्याची तसदी कोणी घेत नाही; वरच्या माणसाची प्रतिक्रिया पुरेशी असते. गुरुजी स्वतः ग्रुपवर असतील तर 'मी अजून आहे' असं त्यांनाच लिहावं लागतं. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात दाखवलं होतं की रेघांच्या लांबीबद्दल बाकीचे चुकीचं उत्तर देऊ लागले की एकटा माणूसही बऱ्याचदा तेच देतो. गटाचा तो दाब हाच. इथे तो हसण्यावारी जातो. रागाच्या बाबतीत जात नाही.

रागाला मिळणारी दाद

समोरासमोर चिडण्याला किंमत मोजावी लागते: आवाज चढतो, छाती धडधडते, समोरचा उलट बोलू शकतो, मधले लोक 'जाऊ द्या हो' म्हणतात. ऑनलाइन रागाची किंमत जवळजवळ शून्य, आणि बक्षीस मात्र लगेच. मॉली क्रॉकेट यांनी २०१७ मध्ये हा हिशोब मांडला. त्याच वर्षी विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी वादग्रस्त राजकीय विषयांवरचे पाच लाखांहून अधिक ट्वीट तपासले. नैतिक भावनेने भारलेला एकेक शब्द वाढला की संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढत होता, आणि तो मुख्यतः आपल्याच बाजूच्या लोकांत. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात त्यांना दिसलं की ज्याच्या रागाला दाद मिळते, तो पुढच्या वेळी अधिक रागाने लिहितो. म्हणजे रागीट माणसं ऑनलाइन गोळा होतात एवढंच नाही. साध्या माणसांना तिथे रागाची शिकवणी मिळते.

मग ट्रोल ही वेगळी जात आहे का? दोन्ही बाजूंनी पुरावा आहे. २०१४ च्या एका कॅनेडियन अभ्यासात ट्रोलिंगची हौस आणि दुसऱ्याला त्रास देण्यात मजा वाटण्याचा स्वभाव यांचं घट्ट नातं दिसलं. दुसरीकडे, स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सामान्य लोकांना आधी सोपी किंवा अवघड कोडी घालून त्यांचा मूड चांगला किंवा वाईट केला. मग लेखाखाली आधीच सभ्य किंवा भांडखोर प्रतिक्रिया लावून ठेवल्या. मूड चांगला आणि वातावरण सभ्य असताना सुमारे ३५ टक्के लोकांनी ट्रोलसारखं लिहिलं; दोन्ही वाईट असताना ६८ टक्के लोकांनी.

या चित्राला आवर घालणारा एक महत्त्वाचा अभ्यास डेन्मार्कचे अलेक्झांडर बोर आणि मिखाएल पीटरसन यांचा आहे, २०२२ चा. अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या लोकांकडे पाहून त्यांनी म्हटलं की ऑनलाइन भांडखोर माणसं प्रत्यक्षातही भांडखोरच असतात. फरक एवढाच की चहाच्या टपरीवरचा भांडखोर दहा जणांना ऐकू जातो, ऑनलाइन तो दहा हजारांना. स्टॅनफर्डचा प्रयोग म्हणतो परिस्थिती माणसाला बिघडवते, आणि बोर-पीटरसन म्हणतात बिघडलेला माणूस जास्त दिसतो. माझ्या वाचनानुसार या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. मोजक्या माणसांचं भांडण सगळ्यांना दिसतं आणि ते दिसल्यामुळेच बाकीच्यांचं वळण बिघडतं. दोन्हीकडे मधला दुवा प्रेक्षकच आहे.

अफवेची जुनी सवय

प्रेक्षकांच्या गर्दीचा सगळ्यात भयंकर परिणाम अफवेत दिसतो. पण अफवेचं मानसशास्त्र मोबाइलच्या आधीचं आहे, आणि त्यातलं एक मूळ काम आपल्याच देशातलं. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी अफवा जमवल्या. ज्यांना धक्का जाणवला पण पडझड दिसली नाही, अशा लोकांत अधिक भयंकर संकटांच्या अफवा पसरल्या होत्या: पूर येणार, प्रलय होणार. लिओन फेस्टिंगर यांनी पुढे १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध सिद्धांतात याच नोंदींचा आधार घेतला. माणूस आधीच घाबरलेला असतो आणि भीतीला कारण सापडत नाही. अफवा ते कारण पुरवते. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली, तेव्हा लोकांच्या हातात लँडलाइनच होती. व्हॉट्सॲपने ही सवय निर्माण केली नाही. तिला वेग दिला, आणि ओळखीच्या माणसाचं नाव चिकटवलं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागायला आलेले भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे जमावाच्या हाती सापडले. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश त्या भागात फिरत होते. पाचही जणांना मारून टाकण्यात आलं. त्या काळात देशात फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक मूळचा कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षेसाठी जागृती करणारी ती फिल्म होती, आणि मूल परत आणून देण्याचा शेवटचा भाग कापून ती पसरवली गेली होती. हे संदेश पाठवणारे निनावी नव्हते. कोणाचा मेव्हणा, कोणाचा गावबंधू, कोणाचे सर. 'काळजी घ्या, सगळ्यांना पाठवा' हे वाक्य प्रेमानेच पुढे जात होतं. भटक्या माणसाबद्दल गावात आधीपासून असलेला संशय मात्र त्या व्हिडिओने निर्माण केलेला नव्हता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांच्या २०१९ च्या अहवालाने यावरच बोट ठेवलं: अशा हिंसेमागे अडाणीपणापेक्षा पूर्वग्रह जास्त असतो.

जगभरच्या आकड्यांतही हे दिसतं. २०१८ मध्ये सोरूश वोसुघी, देब रॉय आणि सिनान अराल यांनी ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला. खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि त्या मुख्यतः माणसांनीच पसरवल्या, यंत्रांनी नव्हे.

यावर उपाय म्हणून लोकांना शिकवावं, असं सहज वाटतं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये बाराशेहून अधिक लोकांवर प्रयोग केला आणि त्यातल्या काहींना घरी जाऊन तासभर बातमी पडताळण्याचं शिक्षण दिलं. एकूण परिणाम दिसला नाही, आणि पक्षाशी घट्ट बांधलेल्या काहींना तर आपल्या पक्षाच्या सोयीची अफवा ओळखणं आणखी अवघड झालं. साधा अडथळा घालणं अधिक चाललं. जुलै २०१८ मध्ये भारतात व्हॉट्सॲपवर एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेले संदेश एकाच ठिकाणी पाठवता येतील असं झालं, आणि अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचं व्हॉट्सॲप कंपनीने सांगितलं. माणूस शहाणा झाला नाही, फक्त त्याचा प्रेक्षक आक्रसला.

जवळीक, आणि तिचा थकवा

एवढं वाचून ऑनलाइन बोलणं म्हणजे निव्वळ आपत्ती असं वाटेल, तर ते चूक आहे. जोसेफ वॉल्थर यांनी १९९२ पासून दाखवलं की मजकुरातून ओळख व्हायला वेळ जास्त लागतो, पण ती होते. आणि कधीकधी प्रत्यक्षापेक्षा घट्ट होते. लिहिणारा स्वतःची निवडक बाजू ठेवतो, वाचणारा मधल्या जागा मनाजोग्या भरतो. कॅटलिन मकेना आणि जॉन बार्ग यांनी १९९८ मध्ये समाजात लपवाव्या लागणाऱ्या ओळखीच्या, उदाहरणार्थ समलिंगी, लोकांचा अभ्यास केला. ऑनलाइन गटात बोलणं सुरू केल्यावर अनेकांनी स्वतःला स्वीकारलं आणि घरच्यांनाही सांगितलं. आपल्याकडे व्यसनमुक्तीपासून वंध्यत्वापर्यंत ज्या विषयांवर चारचौघांत तोंड उघडता येत नाही, तिथे न दिसणारा श्रोता उपकारकच ठरतो.

चेहरा परत आणला तर? व्हिडिओ कॉलने तो आणला, पण मोडून. संभाषणात एकाचं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सुमारे पाव सेकंदही लागत नाही, असं दहा भाषांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं होतं. नेटवर्क त्याहून जास्त खातं; मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि दोष तारेचा असून समोरचा माणूस तुटक वाटतो. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची चार कारणं दिली: फार जवळून सतत रोखलेले चेहरे, दिवसभर स्वतःचाच चेहरा बघणं, एका चौकटीत जखडून बसणं, आणि मान हलवण्यासारखे साधे इशारेही मुद्दाम करावे लागणं. त्या मानाने नुसता आवाज स्वस्त आणि प्रभावी आहे. ज्युलियाना श्रोडर आणि एप्ली यांच्या २०१७ च्या प्रयोगांत, विरुद्ध मताच्या माणसाचं म्हणणं वाचण्याऐवजी त्याच्या आवाजात ऐकलं तर तो अधिक विचारी आणि माणसासारखा वाटला.

ऑनलाइन राहण्याने मन खचतं का, हा मनःस्वास्थ्याचा वाद इथे थोडक्यात आटोपता येतो. १९९८ मध्ये पिट्सबर्गच्या कुटुंबांत इंटरनेट आल्यावर एकटेपणा वाढल्याचं रॉबर्ट क्राउट यांना दिसलं. २००२ मध्ये त्याच लोकांकडे परत गेल्यावर ते परिणाम बहुतांशी विरले होते. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी लाखो किशोरवयीनांच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या सुखदुःखातल्या फरकापैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाचं नातं तंत्रज्ञानाच्या वापराशी होतं. सरासरी म्हणून धोका लहान आहे. पण ज्याच्यावर ग्रुप तुटून पडला आहे त्याच्यासाठी सरासरीला अर्थ नसतो.

मग करायचं काय

पुराव्याचा रोख पाहता, सगळ्यांना खरं नाव लावायला भाग पाडणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कमकुवत उपाय आहे. गटाचं वळण आणि प्रेक्षक बदलणं अधिक परिणामकारक. २०१९ च्या एका प्रयोगात नेथन मटायस यांनी विज्ञानावरच्या चर्चांच्या सुरुवातीला नियम ठळक लिहून ठेवले. नवख्यांकडून नियम पाळले जाण्याचं प्रमाण आठ टक्के बिंदूंनी वाढलं आणि सहभागही वाढला. केविन मंगर यांनी २०१७ मध्ये ट्विटरवर वंशद्वेषी शिव्या देणाऱ्या गोऱ्या पुरुषांना टोकणारी खाती चालवली. काळ्या माणसाच्या खात्याने टोकलं तर फारसा फरक पडला नाही. भरपूर अनुयायी असलेल्या गोऱ्या माणसाच्या खात्याने टोकल्यावर मात्र शिव्या कमी झाल्या. आपल्यातल्याच आणि वजनदार माणसाचा शब्द लागतो.

सोसायटीच्या ग्रुपला हे जसंच्या तसं लागू पडतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. कायद्याने ॲडमिन सुटला, पण गटाचं वळण त्याच्याच हातात उरलं. भांडण पेटलं की 'शांतता राखा' असं सगळ्यांसमोर लिहिणं म्हणजे प्रेक्षकांना आणखी एक प्रवेश दाखवणं. त्याऐवजी दोघांना वेगवेगळा फोन करावा, आणि तो त्यांच्याच बाजूच्या, त्यांच्याच वयाच्या माणसाने करावा. ज्याला लागलं आहे त्याला आवाज ऐकू आला पाहिजे आणि बघणारे नसले पाहिजेत. संशोधनाने पन्नास वर्षांत जे मिळवलं त्याचा व्यवहारातला अर्क एवढाच निघतो: स्तुती ग्रुपवर करावी, तक्रार फोनवर, आणि रात्री दहानंतर टाइप केलेलं सकाळी वाचून मगच पाठवावं.